दादरच्या हवेतला गुलाब

ललिता वर्तक विमा कंपनीतून निवृत्त झाल्या, तेव्हा नाशिकच्या धाकट्या बहिणीने, अनुजाने, अंगणातल्या लाल गुलाबाचं कलम त्यांना दिलं. अनुजाकडे त्याला बशीएवढी फुलं यायची. दादरच्या गच्चीवर पहिलं फूल आलं ते लिंबाएवढं. सकाळी उमललं आणि संध्याकाळी विस्कटलं.

ललिताबाई हट्टाला पेटल्या. शेणखत बदललं, नीमपेंड घातली. पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडत, पानं गळून नुसत्या काड्या उरत. औषध फवारावं तर पाऊस धुऊन नेई.

"ताई, तू पाणी जास्त घालतेस," अनुजा फोनवर म्हणे. कमी घातलं, तर फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या.

"जास्वंद लाव. तिला इथली हवा मानवते," नवरा, गंगाधरराव, एकदा म्हणाले. त्या दिवशी ललिताबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

अशी कित्येक वर्षं गेली. मग सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि कुंड्या हलवायला सांगितल्या. अनुजा तेव्हा एका लग्नाला मुंबईत आली होती. ललिताबाईंनी कुंडी तिच्या गाडीत ठेवली. "घेऊन जा. मला याचं तोंड बघायचं नाही."

पुढच्या जानेवारीत अनुजाने व्हिडिओ कॉल केला. त्याच झाडाचं फूल तिच्या ओंजळीत मावत नव्हतं.

"काय घातलंस?"

"काही नाही गं. जमिनीत लावलं. रात्री थंडी असते ना, कळी सावकाश भरते."

"मग इतकी वर्षं मला पाण्यावरून का बोलत होतीस?"

अनुजा घुटमळली. "तू विचारायचीस, म्हणून काहीतरी सांगायचे."

ललिताबाईंनी फोन बंद केला. इतकी वर्षं त्या स्वतःच्या हातालाच दोष देत आल्या होत्या. दोष आपला नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला.

तरी राहवेना. पुढच्या आठवड्यात गंगाधररावांना घेऊन त्या नाशिकला गेल्या. अनुजाशी जेवढ्यास तेवढं बोलल्या आणि निघताना एक टपोरी, अर्धी मिटलेली कळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली. कसारा घाट उतरेपर्यंत कळी तशीच होती. ठाण्याच्या उन्हात गाडी अडकली, तशी ती उलगडत गेली. दादरला दार उघडून त्या उतरल्या, तेव्हा मांडीवरच्या पाकळ्या रस्त्यावर सांडल्या. हातात देठ राहिला.

गंगाधररावांनी पिशव्या उचलल्या.

"बोला ना," ललिताबाई म्हणाल्या, "जास्वंदीचं बोला."