खेळातली जीप

मला मोबाइलवरचे गाड्यांच्या शर्यतीचे खेळ आवडतात, पण ते बनवणाऱ्यांचा पंक्तिप्रपंच पाहून डोकं फिरतं. परदेशी गाडी असली की सीटची शिवणसुद्धा दिसते. नव्या खेळात आपल्याकडची जीप आली म्हणून मी हरखलो, तर तिथे नुसतं खोकं! दारं म्हणजे रंगवलेल्या रेघा, कितीही पळवा, वेगाचा काटा शून्यावर, आणि आरसे तर नाहीतच.

माझा मोठा चुलतभाऊ रिसोड ते केनवड प्रवासी जीप चालवतो. तो घरी जेवायला आला तेव्हा मी हा अन्याय त्याच्यासमोर मांडला.

"दादा, काटा पाह्य, हालतच नाई."

"माह्या गाडीचा कुठी हालते?"

"आन् हे दारं? उघडतच नाईत!"

"माह्यं एकच उघडते, तेबी बाहेरून." तो मोबाइलवर वाकला. "आरसे तं मीच काढून टाकले. लोकं बाहेर लटकतेत, त्यायच्या कोपराले लागे. चांगली पाहून बनवली ना बे यायनं!"

माझी सगळी तक्रार त्याने पाच मिनिटांत प्रशस्तिपत्रक करून टाकली. मी चिडून मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हटलं, आता तूच चालव.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या धूळ उडवत दिसेनाशा झाल्या. दादाची जीप जागची हलेना.

"अरे दाब ना, दादा!"

त्याने पडद्यावरच्या जीपच्या मागच्या रिकाम्या सीटवर बोट ठेवलं.

"सवारी तं बसू दे. रिकामी कायले काढू?"