डिंकआत्याचा उलटा बेडूक

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. तिची मुलगी सात वर्षांची झाली होती आणि तिच्यासाठी "माहितीची, चित्रांची, चांगली" पुस्तकं हवी होती.

"तू पुस्तकांच्या दुकानात आहेस ना? मग एक यादी पाठव. वयानुसार."

मी पुस्तकांच्या दुकानात आहे म्हणजे मला पुस्तकांतलं कळतं, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात मी तिथे खोकी उघडतो आणि बिलं फाडतो. समोर आत्या मटार सोलत बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला.

"तिनं शेवटचं कुठलं पुस्तक फाडलं?" आत्यानं विचारलं.

"अगं आत्या, ती फाडत नाही गं! आमच्याकडे पुस्तकं कशी अगदी कोरी करकरीत असतात."

आत्यानं फोन कानापासून लांब धरला. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरेरे."

हे 'अरेरे' समजायला आधी आत्या समजायला हवी.

आमची आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं बाइंडर होती. पुढच्या दालनात लांबलचक टेबल, त्यावर वर्तमानपत्रं आणि त्यांच्यामागे डुलक्या घेणारे वाचक. ग्रंथपालांच्या टेबलावर एक पितळी घंटा असे. कुणी बोललं की शांतता राखा म्हणून ते ती घंटा वाजवत, आणि झोपलेले चार जण दचकून उठत. या सगळ्याच्या मागे, बोळातून गेलं की आत्याची खोली. एक खिडकी, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं, आणि कोपऱ्यात स्टोव्हवर मैद्याची खळ रटरटत असायची. त्या वासामुळे मुलं तिला डिंकआत्या म्हणायची.

"डिंक नाही रे, खळ! डिंकानं पुस्तक कडक होतं, उघडताना कुरकुरतं," हे ती प्रत्येकाला सांगायची. प्रत्येक जण मान हलवायचा आणि जाताना "येतो डिंकआत्या" म्हणायचा. तिचा सख्खा भाचा मी एकटा, पण त्या खोलीत गेलं की माझ्यासारखे पंचवीस भाचे निघायचे आणि मला उभं राहायलाही जागा नसायची.

एवढी मुलं मागे यायची त्याचं कारण ग्रंथपालांचाच एक नियम होता. पुस्तक फाटलं तर ज्यानं फाडलं त्यानं ते स्वतः मागे नेऊन बाइंडरला दाखवायचं आणि कबूल व्हायचं. ही शिक्षा होती. निदान त्यांची तशी समजूत होती.

आत्या पुस्तक हातात घेऊन एकच विचारायची, "फाटलं कुठे?"

मूल घाबरत घाबरत पान दाखवायचं. मग आत्या चष्मा कपाळावर चढवायची (तिला जवळचं चष्म्याशिवायच नीट दिसायचं) आणि ते पान खिडकीपाशी नेऊन असं निरखायची, जणू पान नाही, पोराची नाडी आहे. तिचं म्हणणं, आवडीनं फाटलेलं पान शिवणीपाशी फाटतं, कारण ते सतत त्याच जागी उघडलं जातं. भांडणात फाटलेलं मधोमध फाटतं. आणि भीतीनं फाटलेलं पान बहुधा गायबच असतं.

गोष्टीची पुस्तकं तिच्याकडे फारशी यायची नाहीत. गोष्ट मुलं एकदा वाचतात, शेवट कळला की ठेवून देतात. पण आम्ही ज्यांना 'खरी पुस्तकं' म्हणायचो ती, म्हणजे पूल कसा बांधतात, हाडांच्या आत काय असतं, गांडूळ जमिनीखाली दिवसभर काय करतं, असली मोठमोठ्या चित्रांची पुस्तकं, ती मात्र महिन्या-दोन महिन्यांनी शिवायला यायचीच. आणि शिवण्याआधी आत्या प्रत्येक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी पेशंटला टाके घालत नाही," म्हणायची.

एकदा एक मुलगी समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक घेऊन आली. देवमाशाचं पान निघालेलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता आत्या हिला शार्कचं पुस्तक देणार. पण आत्याचं बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर थांबलं. तिथे एक लहानशी होडी होती आणि तिच्यावर अंगठ्याचे ठसे पडून पडून ती काळी झाली होती.

"तुला मासा नकोच आहे. तुला होडी हवीय," आत्या म्हणाली आणि तिनं तिला लाकडी जहाज बांधण्याचं पुस्तक सुचवलं. मुलीनं ते सहा वेळा नेलं. सातव्या वेळी ते अर्थातच शिवायला आलं.

आता एवढं सगळं येत असताना आत्याला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या दालनात, मुलांच्या कपाटाशेजारी एक खुर्ची. मागच्या खोलीत तिला भेटायचं तर आधी पुस्तक फाडावं लागायचं. काही मुलं तेवढ्यासाठी फाडायचीसुद्धा, आणि ते तिला खुपायचं. पण तिनं कधी विषय काढला की ग्रंथपालांचं ठरलेलं उत्तर यायचं.

"अहो बाइंडरबाई, बांधणाऱ्यानं बांधावं. पुस्तक सुचवायला शिक्षण लागतं."

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. ती मागे आपल्या खोलीत परतायची. घरी आल्यावर मात्र भाजीवर सूड उगवायची. त्या दिवशी भाजी इतकी बारीक चिरलेली असायची की कुठली आहे ते ओळखू यायचं नाही.

मी चौथीत असताना एका सोमवारी ग्रंथपाल स्वतःहून मागे आले. मी तिथेच होतो, कारण मी बेडकाचं पुस्तक फाडलं होतं. चौकशी आटपायला आल्यासारखे ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "दर शनिवारी एक तास पुढे बसा, म्हणजे पोरं फाडायची तरी थांबतील. महिनाभर बघू. तक्रार आली तर बंद."

ते गेले. स्टोव्हवरची खळ उतू गेली तरी आत्याचं लक्ष नव्हतं. मग तिनं गुणगुणत माझं पुस्तक हातात घेतलं, जुने दोरे कापले, चारही फर्मे सुटे केले, म्हणजे आठ-आठ पानांचे चार गठ्ठे, प्रत्येकात बेडकाचं एकेक रूप, आणि माझ्याशी शनिवारचे बेत बोलत बोलत ते शिवून टाकले. "सतरंजी घालू या का रे? नको, खुर्चीच बरी. खुर्चीला मान असतो." आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एखादं पुस्तक शिवण्याआधी वाचलं नाही. मी सारखं वाचायला लावल्यामुळे ते तिला पाठ होतं, हेही कारण असेल.

त्या पुस्तकाला पानांचे आकडे नव्हते. वरचं नावाचं पान मीच पूर्वी कधीतरी हरवलेलं. आणि मजकूर म्हणाल तर प्रत्येक चित्राखाली एकच ओळ होती, 'काही दिवसांनी तो असा दिसतो.' त्यामुळे आत्यानं चारही फर्मे उलट्या क्रमानं शिवलेत, हे ना तिला कळलं ना मला. पुस्तक जुनंच असलं तरी मी ते नव्या डोळ्यांनी बघितलं. पहिल्या पानावर धष्टपुष्ट बेडूक. काही दिवसांनी त्याला शेपूट येते. काही दिवसांनी पाय जातात. शेवटी उरतात पाण्यावर तरंगणारी काळ्या ठिपक्यांची अंडी. मला आधी जरा विचित्र वाटलं, कारण पूर्वी ते वेगळं असल्याचं अंधूक आठवत होतं. पण खरं पुस्तक आहे, आत्यानं शिवलंय, म्हणजे चूक माझ्याच आठवणीची, असं मी ठरवलं.

तीन शनिवार झकास गेले. आत्या इस्त्री केलेली साडी नेसून पुढे बसायची आणि मुलं रांगेत उभी राहायची. आता फाडायची गरज नव्हती. नुसतं आवडतं पान उघडून दाखवलं तरी ती पुढचं पुस्तक सांगायची. ग्रंथपालांची घंटा त्या तासात इतकी वाजायची की आमच्या वडिलांना वाटलं, वाचनालयासमोर आइस्क्रीमची गाडी लागते.

चौथ्या आठवड्यात शाळेत विज्ञानाच्या बाईंनी बेडूक शिकवायला घेतला. "सांगा बरं, अंड्यातून काय बाहेर येतं?"

मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "बाई, अंडं शेवटी येतं. बेडूक लहान लहान होत जातो आणि मग त्याचं अंडं होतं."

वर्ग जो हसला तो मधल्या सुट्टीपर्यंत हसतच होता. मी हार मानली नाही. "पुस्तकात आहे! खऱ्या पुस्तकात!" म्हणून दप्तरातून काढून दाखवलं. बाईंनी पानं उलटली. त्यांचा चेहरा बदलत गेला. पुस्तक त्यांनी जप्त केलं आणि वाचनालयाला चिठ्ठी पाठवली. 'आपल्याकडून मुलांना धडधडीत चुकीची माहिती दिली जाते. शनिवारी स्वतः येत आहे.'

त्या संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती ओट्याशी उभी होती ती खाली बसली.

"मी बघितलंच नाही," एवढंच म्हणाली. मग, "एकतीस वर्षांतलं एक. आणि नेमकं आत्ताच."

(तेव्हा खरं तर तिला नोकरीत अठराच वर्षं झाली होती. पण ही हकिकत सांगताना ती दरवेळी एकतीसच म्हणते, आणि मीही आता तसंच लिहिलंय.)

"तू सांग ना, पुस्तक आधीच तसं होतं म्हणून," मी सुचवलं. वडील पेपरामागून म्हणाले, "कुणाला कळणार आहे?"

"ह्याला कळलं ना," आत्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ह्यानं माझ्यावर भरवसा ठेवून वर्गात शोभा करून घेतली. उद्या हा कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवील?"

शनिवारी बाई आल्या, पुस्तक काखेत. ग्रंथपाल उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं अगदी ठळक टाइपात छापलेलं होतं. मुलांची रांग जागच्या जागी थिजली.

"हे कुणी सुचवलं?" बाईंनी विचारलं.

"मी. आणि शिवलंही मीच. चूक माझी," आत्या म्हणाली. "तास बंद करायचा तर करा, साहेब. पण आजचा पुरा करू द्या."

तिनं पुस्तक घेतलं, कमरेच्या पिशवीतून पातं काढलं आणि सगळ्यांदेखत दोरे कापले. चारही फर्मे वर्तमानपत्रांच्या टेबलावर सुटे मांडले. एका आजोबांची डुलकी मोडली.

"मी हे उलटं लावलं," ती मुलांना म्हणाली. "बाइंडर चुकला. आता तुम्ही लावा. आणि जो लावेल त्यानं कारण सांगायचं. नुसतं 'मला माहितीये' चालणार नाही."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. "अंडी आधी!" "कशावरून?" "शेपूट पायांच्या आधी की नंतर?" "अरे, हे बघ, इथे शेपूट आखूड झालीय आणि पाय लांब झालेत. दोन्ही चित्रं शेजारी धर!" ग्रंथपालांनी घंटेकडे हात नेला. बाईंनी न बघताच तो थांबवला. त्या टेबलावर ओणवून मुलांचं ऐकत होत्या.

शेवटी क्रम लागला. आत्या सुईत दोरा ओवत होती, तेवढ्यात ती होडीवाली मुलगी म्हणाली, "पण आत्या, बेडकानंतर परत अंडीच येणार ना? मग शेवटचं पान कुठलं?"

आत्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी आत्याकडे.

"हे मला सहा वर्षांत कुठल्या वर्गानं विचारलं नाही," बाई म्हणाल्या. मग जरा आवाज खाली आणून, "माझ्या मुलांना अन्नसाखळी अजिबात डोक्यात शिरत नाही हो. काही आहे का तुमच्याकडे?"

"कुठे अडतात?" आत्यानं चष्मा कपाळावर चढवला. "फळ्यावर कुठलं चित्र काढलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात, ते सांगा."

ग्रंथपालांनी घंटा उचलून खणात ठेवली आणि म्हणाले, "बाइंडरबाई, पुढच्या शनिवारपासून खुर्ची आतून आणत जा. ही माझी आहे."

तो तास पुढे तेरा वर्षं चालला. आता वाचनालयात यंत्रावर बोट ठेवलं की वयानुसार यादी निघते, आणि फाटलेली पुस्तकं शिवत नाहीत, नवी मागवतात. बेडूक मात्र आत्यानं निवृत्त होताना मागून घेतला. तो माझ्या कपाटात आहे. पहिल्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'एकदा उलटा शिवला होता. बघून घ्यावे.' सगळ्या पुस्तकात बोटांनी सगळ्यात काळं झालेलं पान तेच.

तर ताईला आत्यानं यादी दिली नाही. "तिच्या हातात काहीतरी खरं दे आणि तू दुसऱ्या खोलीत जा," एवढंच सांगून ती परत मटारकडे वळली. ताई माझ्यावर उखडली. मग मी गुपचूप दुकानातून तीन पुस्तकं पाठवली. रस्ते कसे बांधतात, मुंग्या, आणि माणसाचं पोट.

काल ताईकडून फोटो आला. खाली चिडका मजकूर, 'बघ तुझ्या भाचीचे प्रताप.' मुंग्यांचं पुस्तक, शिवणीपाशी फाटलेलं.

मी फोन आत्यापुढे धरला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, फोन खिडकीपाशी नेला आणि बोटानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"मुंगी नाही," ती म्हणाली. "मुंगीनं उचललेलं ते बी बघ. किती ठसे आहेत त्याच्यावर." आणि मग माझ्याकडे वळून, "लिहून घे. आणि तिला म्हणावं, पुस्तक टाकू नकोस. इकडे पाठव. खळ मी करते."