बक्कल नंबर चारशे एकवीस

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आमच्या वेळी घेत नसत, आणि आता या वयात सवय मोडायची म्हणजे दात पडल्यावर चणे खायला बसण्यातला प्रकार. आमची सून मुलाला खुशाल नावाने हाक मारते, वर 'रे' लावते. मारू दे, तिचा नवरा. मी उखाण्यात एकदाच घेतलं, तेही बायकांनी उंबरठा अडवून धरला म्हणून, तोंडातल्या तोंडात. पुढे मात्र माझी आयतीच सोय झाली. नवरा पोलिसात, आणि पोलिसाला नाव लागतच नाही. त्याला बक्कल नंबर लागतो.

आमचा नंबर चारशे एकवीस. बाजारात त्यावरून चेष्टा ठरलेली. 'चारशेवीसाक पकडूक त्याच्या फुडचोच व्हयो!' फोंडाघाटला होतो तेव्हा घाटात एखादा ट्रक उलटला की यांचा दोन दोन दिवस पत्ता नसायचा. मग मी खालच्या किराणा दुकानातून चौकीवर फोन लावायची.

"कोण बोलताय?"

"चारशे एकवीसच्या घरातून. जेवलेत का ते?"

पलीकडचा माणूस तिथूनच ओरडायचा, "एकवीस, वहिनी विचारतायत जेवलास काय!" आणि मागे सगळी चौकी हसलेली मला ऐकू यायची. लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

घरातही तेच झालं. "ओ एकवीस, पान वाढलंय." "एकवीस, गिरणीत जाऊन येतास मां?" मुलगा लहान असताना शाळेत बाईंनी वडिलांचं नाव विचारलं, तर याने नंबर सांगितला. बाई मला रस्त्यात भेटून हसून हसून सांगत होत्या, आणि मी घरी येऊन त्याला दोन धपाटे घातले. खरं तर धपाटे मलाच घालायला हवे होते.

पुढे विजयदुर्गला बदली झाली. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात पितळ कसलं टिकतंय? आज घासलं की परवा काळं. शनिवारी मी देवाची समई, तांब्या आणि यांच्या पट्ट्याचं बक्कल एकत्रच पुढ्यात घ्यायची आणि भिजवलेल्या आमसुलाने घासायची. बोटं आंबट व्हायची. त्या बक्कलावरचे चार, दोन, एक मी इतके घासलेत की डोळे मिटूनही बोटाला कळायचे.

आता सलामीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं. शेजारच्या गावात पोलीस चौकी आहे, म्हणून त्यांच्या देवाच्या पालखीला जत्रेत पोलिसांची सलामी मिळते. आमच्या गावाला ते फार लागायचं. देव आमचा मोठा, आणि मान त्यांच्या देवाला! हे भरती झाले त्या वर्षी गावकर, म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारे, आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसले. म्हणाले, "आता आमचो पोलीस झालो. आमच्या देवाकय सलामी व्हयी." तेव्हापासून रीतच पडली. संध्याकाळी पालखी आमच्या खळ्याच्या तोंडाशी थांबणार, मी ओटी भरणार, हे गणवेशात सलामी देणार, आणि मगच गाऱ्हाणं. सलामी झाल्याशिवाय भोई पुढे पाऊल टाकत नसत. शिरोड्याला होते तेव्हा ताप अंगात घेऊन आले, पण आले. आले की आधी माझ्याकडे पट्टा द्यायचे, "जरा आमसूल लाव गो."

मग निवृत्ती आली. ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, जाऊन टोपी, पट्टा, शिट्टी, काठी, ओळखपत्र सगळं जमा केलं. हार, नारळ, शाल घेऊन घरी आले आणि शाल खुंटीला टाकून म्हणाले, "बक्कलय घेतल्यानी." एवढंच. बाकी कशाचं त्यांना काही नव्हतं.

त्या वर्षी पालखी आली तेव्हा हे मागल्या दारी पंप दुरुस्त करत बसले होते. पंपाला काही झालं नव्हतं. भोई थांबले, थांबले, एकमेकांकडे बघू लागले. शेवटी गावकरांनीच गाऱ्हाणं उरकलं आणि पालखी हलली. भरायची ओटी माझ्या हातातच राहिली. राग यांचा, वाईटही यांच्याचसाठी वाटत होतं.

त्यानंतर माणूस घराबाहेर पडेना. मासे आणायला जाईनात, नाक्यावर चहाला जाईनात. कोणी बोलवायला आलं तर 'झोपलेत म्हणून सांग'. मी म्हटलं, "पोलीस होतास तेव्हा चोर लपायचे, आता तुमीच लपतास?" त्यावरही उलटून बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. आमच्या घरात मी टाकून बोलणार आणि ते फिरून उत्तर देणार, हाच संसार होता. बोलणंच थांबलं तर मी कोणाशी भांडू?

मग कोणीतरी सांगितलं की निवृत्तांनाही ओळखपत्र मिळतं. मी त्यांच्या मागे लागले. फोटो काढायला मालवणला नेलं. यांना गणवेशातला फोटो द्यायचा होता, पण अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या पोराने सांगितलं, "साधे कपडे चालतील, काका." काका! पोलिसात यांना कोणी काका म्हटलं नव्हतं. पण गिळलं बिचाऱ्यांनी.

कार्ड आलं. प्लास्टिकचं, गुळगुळीत, निळी दोरी. वर ठळक अक्षरात नाव, त्याखाली 'निवृत्त', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात बक्कल नंबर. यांनी चष्मा लावला आणि थेट खालची ओळ वाचली. "चारशे एकवीस! ह्यां बघ, नंबर माझोच ठेवल्यानी!" मीही तेवढंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड गळ्यात घालून स्वारी मासळी बाजारात. कोळणी काय सोडतायत? "हवालदारानू, परत ड्युटीर काय? आता तरी दर कमी करूक सांगू नकात हां!" हे हसत घरी आले, पिशवीत बांगडे, आणि आल्या आल्या माझ्यावर डाफरले की कोकम संपलेलं सांगितलं का नाही. मी चुलीकडे तोंड करून डोळे पुसले. आमचा माणूस परत आला होता.

जत्रा जवळ आली तसं त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि बाजारातून एक पांढरी टोपी आणली. पोलिसाचा नियम असा की डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट मारायचा नाही, नुसतं सावधान उभं राहायचं. "म्हणजे टोपी घातली की झाला," हे मला समजावत होते. "कार्ड आसा, नंबर आसा, टोपी आसा. औंदा सलामी मीच देतलंय." गावकरांनाही जाऊन सांगून आले. मी मनात म्हटलं, टोपी कसली का असेना, देवाला चालेल.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरताना एक पोरगी खळ्यात आली. बंदोबस्ताला आलेली, नवीन भरतीतली, उन्हाने लालबुंद. "काकू, पाणी मिळेल?" हे ओटीवर शर्ट-टोपी-कार्ड घालून तयार बसलेले. मी तांब्या आणला. तिने तोंड वर करून पाणी प्यायला सुरुवात केली आणि छातीवरची पट्टी आम्हा दोघांच्या समोर आली. नाव, आणि खाली नंबर. चारशे एकवीस.

नंबर जमा झाला की पुढच्या भरतीत दुसऱ्याला जातो, हे काय यांना ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. हे उठले. टोपी काढून ठेवली, कार्ड काढून खुंटीला अडकवलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं. पोरीला काही कळलं नाही. ती तांब्या परत देऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात ढोल ऐकू आले. शिरा पडो त्या नंबरार, या शिवीशिवाय मला त्या क्षणी दुसरं काही सुचेना. पालखी आली, थांबली. सगळा गाव थांबला. गावकर माझ्याकडे बघतायत, भोई दाराकडे बघतायत. मला वाटलं, आज हे आत राहिले तर कायमचे आत राहतील. आणि मी खळ्यातून, ओटीचं ताट हातात धरून, जन्मभराच्या सवयीने हाक मारली.

"ओ एकवीस! चारशे एकवीस!"

"हो, आले, काकू!" रस्त्याच्या कडेची ती पोरगी धावत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. नवऱ्याला हाक मारायला माझ्याकडे शब्दच उरला नव्हता. जो होता तो या पोरीचा झाला होता, आणि तिचा त्यात काय दोष?

मग मी घेतलं. नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, 'राव' लावलं नाही, काही नाही. देवासमोर आणि अख्ख्या गावासमोर, होता नव्हता तेवढा आवाज काढून. ढोल वाजवणाऱ्याच्या काठ्या हवेत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगे बाय माझे!"

दार उघडलं. हे बाहेर आले. डोकं उघडं, गळ्यात कार्ड नाही. ओटीवरच्या टोपीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पोरीजवळ गेले, तिची टोपी बोटाने थोडी सरळ केली आणि म्हणाले, "कडक मार. देव आमचो मोठो आसा." मग तिच्या बाजूला जाऊन सावधान उभे राहिले. तिने सॅल्यूट मारला, खाडकन, बूट आपटून. हे उघड्या डोक्याने नुसते ताठ उभे. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, आणि पालखी पुढे गेली.

पोरीला मी जत्रेतलं गोड खाजं दिलं आणि आमसुलाचं गुपितही सांगितलं. तिची पट्टी प्लास्टिकची आहे म्हणाली, घासावी लागत नाही. बरं, म्हटलं.

ती गेल्यावर हे ओटीवर बसले. खुंटीवरचं कार्ड काढून हातात घेतलं, चष्मा लावला, आणि या वेळी वरच्या, नावाच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका वाटला होता, ह्यां तू इसारलंस."

मी म्हटलं, "ताट वाढलंय, चला." आणि पुढे कुठली हाक लावायची ते न सुचून, तिथेच उभी राहिले.