कैलाशचे वाजणारे कप

ज्याच्या बापाने भंडाऱ्यात उभा जन्म पाणी भरायची पितळेची गुंडं ठोकली, त्याच्या पोराने प्लास्टिक ओतावं, हे मला काही केल्या पचत नव्हतं. माझं भांड्यांचं दुकान, आणि कैलाशची प्लास्टिकची शेड आमच्याच गल्लीच्या टोकाला. येता-जाता मी त्याला टोमणा मारायचोच. तो चिडायचा नाही. "काका, पितळ कोनी घेऊन राहिलं काय आता?" एवढं म्हणून हसायचा आणि पुढे जायचा.

तो राइस मिल आणि पोहा मिलसाठी कप बनवतो. मिलमध्ये उभ्या पट्ट्याला असे कप ओळीने लावलेले असतात, ते खालचा माल भरून वर नेऊन ओततात. दिवसभर घासून-आपटून त्यांचे कोपरे तुटतात. गेल्या वर्षी साकोलीकडच्या एका मिलच्या पोह्यांत गिऱ्हाइकाला असाच एक तुकडा सापडला. नशीब, दाताखाली आला. घशात गेला असता तर?

मालक भैय्यालालशेठ हबकले. त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होता. भरलेलं पाकीट त्याखालून जातं, आत खिळा किंवा तार असली की घंटा वाजते आणि पट्टा थांबतो. पण प्लास्टिक त्याला दिसत नाही. कैलाशने चौकशी केली तेव्हा कळलं, लोखंडाची बारीक पावडर मिसळलेलं प्लास्टिक मिळतं. त्याचा तुकडा मशीनला दिसतो. त्याने कमी पावडरीचे आणि जास्त पावडरीचे, असे दोन्ही कप बनवले आणि परीक्षेला मलाही सोबत नेलं.

कमी पावडरीचा कप भलता चिवट निघाला. फरशीवर आपटला तरी ढिम्म. तो अख्खा कप मशीनखालून गेला आणि घंटा वाजली. "वाजला ना? मंग झालं," शेठ म्हणाले. कैलाशने हातोड्याने त्याचे तुकडे केले, नखाएवढा एक उचलून पोह्यांच्या पाकिटात घातला. मशीन गप्प.

"कप थोडाच कोनाच्या तोंडात जाते, शेठ," तो म्हणाला. "तुकडाच जाते."

जास्त पावडरीच्या कपाचा नखाएवढा तुकडाही वाजला. पण हा कप कडक होता, पापडासारखा मोडायचा. शिवाय पावडरीने त्याचा रंग तुसासारखा मळकट झालेला, म्हणजे पोह्यांत तुकडा पडला तर तूसच वाटायचं, डोळ्यांना कळायचं नाही. सगळी भिस्त मशीनवर. कैलाशने बराच विचार केला. चिवट कपही कधी ना कधी तुटणारच, आणि तुटला की सापडायचा नाही. हा वारंवार तुटेल, पण सापडेल. त्याने कडक कप निवडला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तो बोलूनही दाखवला.

पुढचं त्यानेच मला सांगितलेलं आहे.

दिवाळीनंतर कप बसले. पहिले काही आठवडे शेठचे फोनवर फोन. मशीन सारखं वाजतं, काम थांबतं, पाकिटं फोडून चाळावी लागतात. मग फोन बंद झाले. कैलाशला वाटलं, बसली घडी. संक्रांतीच्या सुमारास तो सहज मिलवर गेला, तर शेठने स्वतः चहा मागवला. "तुमचे कप आता तुटतच नाई बा. मशीन वाजतच नाई." वाजलेली पाकिटं टाकायची पेटीही रिकामी होती.

कौतुक कोणाला नको असतं? पण कैलाशला स्वतःचे कप ठाऊक होते. त्याने पट्टा थांबवून झाकण उघडलं. एका कपाचा कोपरा नव्हता. पुढच्याचा नव्हता. त्याच्या पुढच्याची तर अर्धी कडच गेलेली.

मशीन सांभाळणारा परसराम बाजूला उभा होता. तो चांगला माणूस, खोटं बोलला नाही.

"कमी केलं मी मशीन, बारीक तुकड्याले वाजू नये म्हनून," तो म्हणाला. "दिवसभर टुंई टुंई वाजून राहिलं होतं. काम थांबे, पॅकिंगच्या बायांले अर्ध्या रोजावर घरी जा लागे. त्या रडाले लागल्या, भाऊ. मंग मी काय करू?"

कैलाश म्हणतो, "काका, मले तेव्हा राग त्याचा नाही आला. वाजणारा कप मीच बनवला. पण इतकं वाजल्यावर मानूस काय करंल, हे मी पाह्यलंच नाही." त्याने मेन स्वीच पाडला. शेठ धावत आले, तर तुटके कप त्याने त्यांच्यापुढे फरशीवर मांडले. "याचे कोपरे पोह्यांत गेले, शेठ. जेवढा माल गेला तेवढा वापस बोलवा."

"कोठून वापस बोलवू?" शेठ म्हणाले. "लोकं खाऊन बसले असतील."

पॅकिंगच्या बाया काम सोडून जमल्या होत्या. त्यांतल्या एकोडीच्या उषाबाईने कप हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला, आणि ती कोणाला न विचारता फाटकाबाहेर पडली. दर शनिवारी बायांना घरी न्यायला मिलचेच पोहे मिळतात, हे कैलाशला तेव्हा कळलं. उषाबाईच्या घरी दीड वर्षाचा नातू.

त्याने मोटारसायकल काढून तिला रस्त्यात गाठलं. "बसा, बाई." ती बसली. त्याने गाडी थेट एकोडीला तिच्या दारात नेली.

सून अंगणात धुणं वाळू घालत होती. सासू भरदुपारी घरी आलेली पाहून ती दचकली. उषाबाई गाडीवरून उतरतच म्हणाली, "पोहे काढ आंधी. डबा आन."

"सरले ते," सून म्हणाली. "सकारीच भिजवून भरवले त्याले. मस्त खाल्ले, आन आता झोपला हाये."