सहासष्ट मिनिटांची पाटी

बु रुमिनी, म्हणजे आपल्या भाषेत रुमिनीबाई, यांनी चौतीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं त्यांच्या मनातल्या शिव्या खाल्ल्या. उत्तर बरोबर, पण पुढे एकक नाही? शून्य. "आठ म्हणजे आठ काय, केळी?" समीकरणाच्या डावीकडे सेकंद असतील तर उजवीकडेही सेकंदच निघाले पाहिजेत, हे खूळ त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात भरायला पाहिलं. खरं सांगायचं तर बाई जरा अतीच करत.

त्या दुपारी गावात थेंब नव्हता, पण ज्वालामुखीच्या माथ्यावर काळंकुट्ट भरून आलं होतं. एक वाजता वरच्या चौकीचा भोंगा वाजला. राखेचा चिखल दगडधोंडे घेऊन नदीत उतरला होता. बाई काठाकडे धावल्या, कारण खाली कोरड्या पात्रात त्यांचा एकुलता एक सर्योनो ट्रकमध्ये वाळू भरत होता. त्याच्याबरोबर आणखी वीसजण होते आणि एकाचंही फावडं थांबलेलं नव्हतं.

काठावर मुकादम तुगिरान सिगारेट ओढत बसला होता. तोही त्यांचाच विद्यार्थी.

"बसा हो बु, दम खा. चिखल किती वेळात पोचतो, त्याची नवी सरकारी पाटी लागलीय ना! चौकी आठ किलोमीटरवर, चिखल चार मीटर खोल, हे त्यांनी फोनवर सांगितलंय. हिशेबानं सहासष्ट मिनिटं येतात. पंधराच झालीत. ही खेप आरामात भरते."

बाईंनी पाटी वाचली. वेळ बरोबर अंतर भागिले खोलीचं वर्गमूळ. सवयीनं त्यांनी प्रत्येक राशीच्या जागी तिचं एकक ठेवलं. वर मीटर, खाली मीटरचं वर्गमूळ. सेकंद कुठेच नाहीत.

"तुग्या, यातलं गुरुत्वत्वरण कुठं गेलं?"

"अं?"

"वर्गमुळाच्या आत खोलीला त्यानं गुणायचं असतं रे! त्याच्याशिवाय सेकंद येतील कुठून? रंगाऱ्यानं खाल्लं की साहेबानं?" त्या तळहातावर बोटानं आकडे गिरवत होत्या. "एकवीस मिनिटं. सहा उरलीत, गाढवा!"

तुगिरान हसायला गेला. मग त्यानं बाईंचा चेहरा पाहिला आणि शिटी फुंकली. माणसं फावडी टाकून चढणीला लागली. सर्योनो मात्र पार पलीकडच्या टोकाला, ट्रकचं इंजिन घरघरत ठेवून भरत होता. त्याला काही ऐकू जाईना. तुगिरानचा एक पाय अधू, आणि वर आलेल्यांपैकी कुणी मागे वळायला तयार नव्हतं. बाईंनी नेसणं गुडघ्यापर्यंत खोचलं.

"बु, नका! वेड लागलंय का?"

त्या उतरल्याच. अडुसष्टाव्या वर्षी, पडत धडपडत, त्यांना तीन मिनिटं लागली.

सर्योनोनं इंजिन बंद केलं. "आई, तू इथं? अगं, पाऊण तास आहे अजून."

त्याच क्षणी हौद्यातली फावडी आपोआप खडखडू लागली. त्यानं वर डोंगराकडे पाहिलं, आईला पाठंगुळीला घेतलं आणि पळत सुटला. ट्रकची वाट तर लांब वळशाची होती. एकट्या धडधाकट माणसालाही तो चढ चार मिनिटांचा होता.