बटणाएवढा भोंगा

कॉम्प्युटर बंद पडला की लोक आधी त्याला दोन थापडा मारतात. आमचा मेकॅनिक आला की आधी डब्यावर तळहात ठेवायचा, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा, आणि म्हणायचा, "थांबा. आधी हिचं ऐकून घेऊ."

आणि असं म्हणणाऱ्या माणसाला धड ऐकू येत नव्हतं. शाळेत हे फक्त मला माहीत होतं.

मी शाळेत खिचडी शिजवते. आमचं गाव उमापूरच्या अलीकडं, शाळा सातवीपर्यंत. हेडसरांच्या खोलीत एक कॉम्प्युटर. तो वर्षातून चार-पाचदा रुसायचा आणि मग गेवराईहून ह्याला बोलवावं लागायचं. जुनी मोटारसायकल, खांद्याला बॅग, बॅगेत पेचकस, ब्रश, चिमटा आणि पोरांचा असतो तसा खोडरबर. माझ्या चुलीसमोरच्या खिडकीतून हेडसरांचं टेबल सरळ दिसतं, त्यामुळं त्याचं काम मी पाहत असे. कामाच्या माणसाचे हात तुम्हीही न्याहाळले असतील. ह्याचे हात घाई करत नव्हते.

त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "काल काय केलतं?"

उत्तरही ठरलेलं. "काहीच नाही."

"बरं," म्हणून तो झाकण उघडायचा. आतून कधी पाल निघायची, कधी पेनाचं टोपण. एकदा हेडसरांचं हरवलेलं कानकोरणं निघालं. त्यानं ते पुसून गुपचूप टेबलावर ठेवलं आणि कामाला लागला.

त्याच्याकडं एक काळा भोंगा होता, बटणाएवढा, दोन वायरींचा. तो आत जोडला की सुरू होताना मशीन वाजायची. एकदाच बारीक वाजली तर सगळं ठीक. लांब लांब वाजत राहिली तर मेमरीची पट्टी नीट लागलेली नाही. एक लांब आणि दोन बारीक असलं तर पडद्याच्या कार्डात खोट. ही भाषा मला त्यानंच शिकवली. शिकवावीच लागली.

झालं असं की एके दिवशी हेडसर वर्गावर होते. हा डोळे मिटून त्या भोंग्यावर बोट ठेवून बसलेला. मी मागून तीनदा चहा घे म्हटलं. हलला नाही. मग मी पुढं जाऊन उभी राहिले.

"तुला ऐकू येत न्हाई."

"हळू बोला, मावशी."

"हळू बोलले तर तुला कसं कळंल?"

"थोडं ऐकू येतं, बाकीचं ओठांवरून जुळवतो," म्हणत तो हसला. तरुणपणी तो मांडववाल्याकडं होता. बारा वर्षं लग्नाच्या भोंग्यांशेजारी उभं राहून काढली. "लग्नं लोकांची लागली, कान माझे गेले," म्हणाला. "पण गावात बोलू नका. बहिऱ्या मेकॅनिककडं मशीन कोण देईल?"

"बोटाला कळतं का?"

"वाजली, एवढं कळतं. लांब का बारीक, तिथं फसतो."

मग आमचं ठरलं. तो बटण दाबणार, मी दारात उभी राहणार. लांब वाजली की अंगठा, बारीक वाजली की करंगळी. हेडसर म्हणायचे, "मावशी, खिचडी करपेल. तुमचं इथं काय काम?" मी म्हणायची, "बघतीय."

आता माझी चूक सांगते.

खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा असते. हेडसर म्हणाले, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहा. मी मनापासून वाहिलं. काम आतलं यंत्र करतं, बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, म्हणून वरच्या जाळीतून चिमूटभर कुंकू आणि अक्षता आत सोडल्या. फुलानं पाणीही शिंपडलं. दसऱ्याची सुट्टी झाली, शाळा उघडली, आणि मशीन सुरू होईना. पंखा फिरायचा, पडदा काळाच.

नेमकी त्याच दिवशी यादी पाठवायची होती. दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात आणि पोरं सांभाळायला कुणी नसलं तर पोरंही गाडीत बसतात. त्यांना मागं ठेवायला शाळेत हंगामापुरतं वसतिगृह चालतं. संध्याकाळपर्यंत यादी वर गेली तरच ते सुरू होणार होतं. अठ्ठावीस पोरांचे फोटो, सगळी माहिती, दोन आठवडे बसून भरलेलं, त्या एका डब्यात होतं.

फाटकाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर सातवीतली रेणुका बसलेली, मांडीवर दप्तर.

तिचा बाप म्हणाला, "मावशी, पाचपर्यंत थांबतो. मुकादम थांबत न्हाई. यादी गेली तर पोरगी ठेवतो, न्हाईतर येईल संगं."

एक पोरगी मी माझ्या घरी ठेवली असती. यादीत अठ्ठावीस होती. मी स्वतः चौथीतून अशीच गाडीत बसले होते. परत शाळेत आले ती खिचडी शिजवायला.

तो तीनच्या सुमारास आला. डब्यावर हात ठेवला. "आधी हिचं ऐकून घेऊ." बटण दाबलं. मी अंगठा दाखवला. परत अंगठा. परत अंगठा.

त्यानं मेमरीची पट्टी काढली आणि तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासला. पांढरा रबर लाल झाला. त्यानं रबराकडं पाहिलं, मग माझ्या कपाळाकडं.

"सुट्टीच्या आधी काय केलतं?"

"काहीच नाही," हेडसर म्हणाले.

"मावशी?"

जन्मभर मी लोकांच्या तोंडावर बोलत आलेय. त्या दिवशी म्हणाले, "काहीच न्हाई."

"बरं." त्यानं चिमट्यानं खाचेतून तांदळाचा दाणा उचलला आणि मूठ मिटली.

"काय सापडलं?" हेडसरांनी विचारलं.

"माती हाय, सर. लाल माती."

"आपल्याकडं कुठली लाल माती? सगळं काळं रान."

"वाऱ्यानं येती, सर. लई लांबून."

त्यानं खाच ब्रशनं झाडली, पट्टी बसवली. अंगठा. दुसऱ्या खाचेत बसवली. अंगठा. साडेचार वाजून गेले. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तो मला आला, त्याला कुठून येणार? मी दारातूनच दोन्ही हातांनी स्टेअरिंग फिरवून दाखवलं. त्यानं मान हलवली. हात तरी तेवढेच सावकाश. बॅगेतून एक जुनी पट्टी काढली, तिचे दात घासले, बसवली, बटण दाबलं.

एकदाच वाजली. बारीक.

मी करंगळी वर केली.

"झालं, सर," तो म्हणाला.

"कुठं झालं? पडदा काळाच आहे."

"येईल."

आणि आला. मी हातात डाव घेऊनच फाटकाकडं पळाले. "उतर खाली!"

"गेली का यादी?" बाप विचारायला लागला.

"जातीय. आधी तिला उतरू दे."

रेणुका उतरली. बापानं वरून तिची वाकळ खाली दिली आणि तोंड फिरवलं. पाचला दहा कमी असताना यादी गेली. हेडसरांनी खोलीतून ओरडून सांगितलं, तेव्हाच ट्रॅक्टर हलला.

निघताना तो माझ्या खिडकीशी आला. लाल झालेला रबर आणि तो तांदूळ कठड्यावर ठेवला.

"पूजा करा, मावशी. पण वरनं करा. आन् पाणी नकोच."

"मग सरांना सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी कुठं माझं सांगितलं?"

बॅग उचलता उचलता थांबला आणि भोंगा काढून माझ्या हातात दिला. "हे इथंच राहू द्या. ऐकणार तर तुमीच." मी तो मोहरीच्या डब्यात ठेवला. पुढं तो यायचा तेव्हा आधी डबा मागायचा. हेडसरांना वाटायचं, ह्याला मोहरी कशाला लागते?

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. कावीळ झाली होती. आम्हाला कळलं ते मशीन परत बंद पडली तेव्हा. आता दुसरा मेकॅनिक येतो. मोबाईलमध्ये बघून दुरुस्त करतो. काम चांगलं करतो, उगीच नावं का ठेवू?

रेणुका दहावी पास झाली. पुढचं तिचं ती बघेल. त्या वर्षी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं माझ्या हातचं जेवली, हे मात्र त्या माणसामुळं. त्याला मी तसं कधी बोलले नाही. गोड बोलणं मला जमत नाही, आणि त्याला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं असतं. मग साऱ्या शाळेला कळलं असतं.

खंडेनवमीला हेडसर अजून कॉम्प्युटरची पूजा करायला सांगतात. मी पत्र्याला बोटभर कुंकू लावते आणि बाजूला होते. मग चुलीशी येते. पाटावर डाव, विळी, मोठं पातेलं मांडते आणि मोहरीच्या डब्यातून तो काळा भोंगा काढून त्यांच्या शेजारी ठेवते. त्यालाही हळदकुंकू लावते. वरनं. पाणी शिंपडत नाही.