देव करून राह्यला

थांबा, ताट बाजूले सारून टाइप करून राह्यली, हे आत्ताच सांगतलं नाही तं मले घास जाणार नाही.

रिसोडच्या स्टँडवर मी एसटीत बसली तवा आई खिडकीखाली उभी होती. पुण्यातल्या एका लॅबमधी टेक्निशियनची नोकरी पक्की झालती. बाबा बॅग वर ठेवून उतरले आणि आई म्हणाली, "काही अडलं तं घाबरू नको बाई. देव करून राह्यला."

पुण्यात पोचली तं लॅबवाले म्हणे, जागा भरली. झालं. इकडं गावभर पेढे वाटलेले, आता वापस कोणत्या तोंडानं जाऊ? रोज नवीन ठिकाणी विचारायचं, रोज नाही ऐकायचं, आणि फोनवर आईचं तेच. एकदा मी चिडलीच. "काय करून राह्यला देव? मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

तं म्हणे, "कुकरमधी वरण शिजून राह्यलं, तं तू झाकण उघडून पाह्यतं का?"

माझी रूममेट सानिका साताऱ्याची. फोन स्पीकरवर होता, तं ती बिचारी हळूच जवळ येऊन बसली. "आई असं का म्हणतात गं? देव करायचा राहिला?"

मी इतकी हसली का बस. आमच्याकडं 'करून राह्यला' म्हणजे करतोय, आत्ता, या घडीले. तिच्या कानाले वाटलं, राहून गेलं. पण हसणं थांबलं तवा मनात आलं, खरंच राहून गेलं असलं तं?

आज सकाळी एका हॉस्पिटलात लॅबच्या कामाचं विचारायले गेली. काउंटरवर आमच्याच भागातल्या कारंजा गावचे एक आजोबा होते, लेकाकडं आलेले. सिस्टरनं विचारलं, बीपीच्या गोळ्या घेता ना? आजोबा म्हणे, "खाऊन राह्यलो ना." सिस्टरनं मागं वळून डॉक्टरांना सांगितलं, "सर, यांच्या गोळ्या खायच्या राहिल्यात."

मी मधीच बोलली, "नाही मॅडम, रोज खातात ते."

आजोबांनी मले वरून खालून पाह्यलं. "कुठली व माय तू?"

"रिसोडची."

"मंग सांग ना या लोकायले. कवाचा बोंबलून राह्यलो मी."

डॉक्टर हसायले लागले. मग मले विचारलं, तुम्ही कशासाठी आलात? सांगतलं. कागदं पाह्यले, लॅबमधी हाताचं काम पाह्यलं, आणि सोमवारपासून या म्हणाले.

आईले फोन लावला. वाटलं, ती रडन. तं म्हणे, "मंग? मले काय नवीन सांगून राह्यली? जेवली का?"

ती पहिली नोकरी काहून हुकली, मले अजूनही नाही समजलं. आजोबांसाठीच हुकली असंही मी म्हणत नाही. पण झाकण उघडून पाह्यची घाई गेली माझी. आणि घर म्हटलं का आधी फक्त रिसोडचं अंगण दिसे, आता आईचा तो 'राह्यला' ऐकू येते, कुठंही असली तरी. हे पाहा, सानिका ओरडून राह्यली, "ये ना गं, वरण थंड होऊन राह्यलं." बरोबर बोलली हो.

तुमच्यासंग झालं का असं? घरचा एखादा शब्द, ज्याच्यावर भरवसा ठेवाव का नाही तेच समजेना, आणि मग तोच धावून आला? सांगा ना. मी जेवून राह्यली तवर.